वरचे पाणी, तळचे पाणी
(लुईजी मार्सिली : एक जीवनकथा)

— द्वितीय वर्ष, कला शाखा

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सरांनी फळ्यावर काळ्या समुद्राचा नकाशा काढला. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला तो समुद्र आणि त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात खडूची एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे बॉस्पोरसची सामुद्रधुनी. या रेघेतून एकाच वेळी दोन प्रवाह वाहतात, वरचा दक्षिणेकडे आणि तळचा उत्तरेकडे, असे सरांनी सांगितले तेव्हा मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली. एकाच नळातून पाणी येते आणि जातेही, हे कसे, असा तो हशा होता.

मी हसलो नाही. कारण ही गोष्ट मी घरी ऐकली होती. माझे वडील खाडीच्या मुखाशी डोल लावतात. ओहोटी संपायला आली की वरचे पाणी अजून समुद्राकडे ओढत असते, पण तळाला भरती आधीच शिरलेली असते, आणि हे डोळ्यांना दिसत नाही, जाळ्याच्या दोराला हात लावला की कळते, हे त्यांनी मला लहानपणीच दाखविले होते. पावसाळ्यात गोडे पाणी वर तरंगते तेव्हा तर हा फरक फारच स्पष्ट होतो. वडील अंगठा उठवतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. घरातले हे ज्ञान वर्गात हात वर करून सांगण्याजोगे असते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, म्हणून मी गप्प बसलो. तास संपल्यावर मात्र धीर करून सरांच्या मागोमाग स्टाफरूमपर्यंत गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मला एक नाव सांगितले : लुईजी फर्डिनांडो मार्सिली. त्या नावाच्या मागे लागून वर्षभरात जे वाचले, ते मित्रहो, आपणांपुढे ठेवीत आहे.

मार्सिलीचा जन्म इ. स. १६५८ च्या जुलै महिन्यात इटलीतील बोलोन्या शहरी झाला. म्हणजे आपल्याकडे प्रतापगडाखाली अफझलखानाचा प्रसंग घडला, त्याच्या आदल्या वर्षी. घराणे उमरावाचे, वडील काउंट. बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक. परंतु गंमत अशी की, या मुलाने रीतसर पदवी कधीच घेतली नाही. त्याऐवजी तो गुरू निवडून त्यांच्याकडे गेला. मार्सेलो माल्पीगी हा त्याचा एक गुरू. सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या प्रथम पाहणारा तोच हा माल्पीगी. दुसरा गुरू जेमिनियानो मोंतानारी, गणिती व खगोलवेत्ता. पाहा, मोजा, मगच बोला, अशी शिस्त दोघांचीही होती. पदवीवाचून एवढे थोर गुरू लाभावेत हे भाग्य श्रीमंताच्या मुलालाच शक्य होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. आपल्यासारख्यांना पदवीचा कागद लागतोच.

१६७९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, व्हेनिसच्या नव्या राजदूताबरोबर तो कॉन्स्टँटिनोपलला निघाला. हे आजचे इस्तंबूल, त्या काळी तुर्की सुलतानाची राजधानी. तेथे तो सुमारे अकरा महिने राहिला. रायगडावर शिवाजी महाराजांचे देहावसान झाले, त्या १६८० च्या सुमारास हा तरुण बॉस्पोरसच्या पाण्यात दोर सोडून बसलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता हे बॉस्पोरस प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे. काळ्या समुद्राला डॅन्यूब, नीपर, नीस्टर अशा मोठमोठ्या नद्या मिळतात, आणि डॉनचे पाणी अझोव समुद्रावाटे येते. बाष्पीभवनाने जाते त्यापेक्षा या नद्या आणि पाऊस मिळून येणारे पाणी अधिक असते. हे जादा पाणी बाहेर पडायला वाट एकच, बॉस्पोरस. लांबी सुमारे ३० किलोमीटर, आणि सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम ७०० मीटर. तेथून मार्मारा समुद्र, मग दार्दानेल्सची सामुद्रधुनी, मग इजियन समुद्र आणि भूमध्य समुद्र. बॉस्पोरसमध्ये वरचे पाणी दक्षिणेकडे जोराने धावते, हे जहाजवाल्यांना पुरातन काळापासून ठाऊक होते, कारण त्याच्याविरुद्ध शीड चालविताना त्यांचा घाम निघत असे.

प्रश्न होता तळाचा. तेथील कोळ्यांचे म्हणणे होते की, खोल सोडलेली जाळी उलट्या दिशेला, काळ्या समुद्राकडे ओढली जातात. हे म्हणणे नवे नव्हते. सहाव्या शतकातील प्रोकोपियस नावाच्या इतिहासकाराने ते लिहून ठेवलेले आहे. म्हणजे मार्सिली जन्मण्यापूर्वी हजाराहून अधिक वर्षे ही गोष्ट कोळ्यांच्या हाताला कळत होती आणि एका ग्रंथात नोंदलेलीही होती. तरी विद्वानांच्या लेखी ती कोळ्यांची बात राहिली. मार्सिलीच्या कानावर ती दोन मार्गांनी आली : तुर्की कोळ्यांकडून, आणि सर जॉन फिंच नावाच्या इंग्रज वकिलाकडून. हा फिंच स्वतः वैद्यकशास्त्र शिकलेला होता. मार्सिलीने दोघांचेही ऋण आपल्या पुस्तकात मान्य केले आहे. मला या साऱ्या चरित्रात हा तपशील फार मोलाचा वाटतो. त्या काळच्या एका उमरावाने, परधर्मीयांच्या आणि शत्रूंच्या मुलखातील कोळ्यांचे ऐकले, आणि ऐकले हे लिहून ठेवले!

पण ऐकून तो थांबला नाही. त्याने एक लांब दोर घेतला, टोकाला वजन बांधले, आणि दोराला अंतराअंतरावर पांढरा रंग दिलेली बुचे बांधली. नाव नांगरून त्याने हा दोर पाण्यात सोडला व वरून पाहात राहिला. वरची बुचे पाण्याच्या ओढीबरोबर दक्षिणेकडे झुकली. खालची पांढरी बुचे मात्र उलट दिशेला कललेली दिसली. मधे कोठेतरी दोर सरळ होता. तेथे दोन्ही पाण्यांची सीमा. पृष्ठभागावरचा वेग मोजण्यासाठी त्याने फिरत्या पात्यांचे एक चाकही वापरले होते. साधने पाहा : दोर, बुचे, रंग, चाक. यांतील एकही वस्तू अशी नाही की जी आमच्या बंदरावर मिळणार नाही.

प्रवाह दोन आहेत हे ठरले. परंतु का आहेत? येथे या तरुणाची खरी बुद्धी दिसते. त्याने पाण्याचे वजन केले. पाण्यात तरंगणारी काचेची कुपी कोणत्या पाण्यात किती बुडते यावरून त्या पाण्याचे जडपण ठरविण्याची युक्ती त्याला माहीत होती. व्हेनिसहून येताना वाटेत ठिकठिकाणच्या समुद्राचे पाणी त्याने तपासले होतेच. आता त्याने बॉस्पोरसचे वरचे पाणी घेतले, तळचे पाणी घेतले, काळ्या समुद्राचे घेतले. वरचे पाणी हलके निघाले, काळ्या समुद्रासारखे. तळचे जड निघाले, भूमध्य समुद्राच्या बाजूच्या पाण्यासारखे. याचा अर्थ सरळ होता. तळाने वाहणारे पाणी बॉस्पोरसचे नव्हेच, ते दक्षिणेकडच्या खाऱ्या समुद्रातून आलेले आहे. पाण्याला रंग नव्हता, नाव नव्हते, पण वजनावरून त्याचे गाव ओळखता आले.

पुढे त्याने एक पेटी केली. मधे पडदा घालून तिचे दोन कप्पे केले. एका कप्प्यात बॉस्पोरसच्या तळचे पाणी भरले. दुसऱ्यात काळ्या समुद्राच्या वरच्या पाण्याइतके हलके पाणी, रंग मिसळून. पडद्याला दोन भोके, एक वर आणि एक खाली. भोके उघडताच वरच्या भोकातून हलके पाणी जडाच्या कप्प्यात वाहू लागले, आणि खालच्या भोकातून जड पाणी हलक्याच्या कप्प्यात. साऱ्या बॉस्पोरसचे नाटक त्या पेटीत उभे राहिले! वारा नाही, भरती नाही, नदी नाही, फक्त दोन पाण्यांच्या वजनातील फरक. मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रांसाठी कारण थोडक्यात सांगतो. काळ्या समुद्राची पातळी नद्यांच्या पाण्यामुळे मार्मारापेक्षा सुमारे फूटभर उंच असते, म्हणून वरचे पाणी उताराने दक्षिणेकडे जाते. पण खाली उतरू लागलो की जड पाण्याचा भार हलक्या पाण्याच्या भारापेक्षा भराभर वाढतो. एका खोलीवर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, आणि त्याच्याही खाली दक्षिणेकडचा दाब जास्त भरतो. मग तेथले पाणी उत्तरेकडे ढकलले जाते.

ही सर्व निरीक्षणे त्याने १६८१ साली रोममध्ये पुस्तकरूपाने छापली. पुस्तक पत्राच्या स्वरूपात आहे आणि ते स्वीडनची माजी राणी ख्रिस्तिना हिला अर्पण केले आहे. त्या वेळी लेखक केवळ तेवीस वर्षांचा होता. समुद्राच्या आत काय चालते ते मोजून, त्याचे कारण सांगून, वर प्रयोगाने पडताळून पाहणारे हे अगदी आरंभीचे पुस्तक. म्हणूनच समुद्रविज्ञानाच्या इतिहासात मार्सिलीचे नाव पहिल्या पानावर येते.

येथे कोणाला वाटेल की, आता हा माणूस आयुष्यभर समुद्राकाठी बसून राहिला असेल. तसे झाले नाही. १६८२ मध्ये तो ऑस्ट्रियाचा सम्राट लिओपोल्ड याच्या सैन्यात शिरला. पुढच्याच वर्षी तुर्कांची प्रचंड फौज व्हिएन्नावर चालून आली. जुलै १६८३ मध्ये हंगेरीतील राबा नदीच्या परिसरात मार्सिली जखमी होऊन तार्तरांच्या हाती सापडला, आणि गुलाम म्हणून विकला गेला. काउंटच्या मुलाला एका पाशाने विकत घेतले! व्हिएन्नाच्या वेढ्यात, तुर्कांच्या छावणीत, त्याच्याकडे काम आले ते कॉफी उकळण्याचे. ज्या शहराच्या बाजूने तो लढायला आला होता, ते शहर त्याला आता शत्रूच्या चुलीजवळून दिसत होते. पुढे त्याचे मालक बदलले. बोस्नियातील दोन गरीब भावांनी त्याला विकत घेतले आणि आपल्या गावी नेले. तो पळून जाऊ नये म्हणून रात्री त्याला खुंट्याला जखडून ठेवीत असत, असे सांगतात. त्या भावांना आशा होती खंडणीची. शेवटी १६८४ च्या मार्च महिन्यात खंडणी पोचली आणि जवळजवळ नऊ महिन्यांनी तो सुटला.

या मनुष्याचे कौतुक कोठवर करावे? सुटल्यावर त्याने काय लिहिले असेल तर कॉफीवर एक पुस्तिका. १६८५ मध्ये ती व्हिएन्नात छापली गेली. गुलामगिरीत जे काम गळ्यात पडले, त्याचाही त्याने अभ्यास करून टाकला.

यानंतरची जवळजवळ वीस वर्षे लढायांची आहेत. त्या साऱ्या येथे सांगत बसत नाही. किल्ले बांधणे, पूल उभारणे, नकाशे काढणे ही त्याची कामे. १६८६ मध्ये बुडा शहर तुर्कांकडून घेतले गेले आणि सैनिक लुटीमागे धावले, तेव्हा हा जळक्या इमारतींतून हस्तलिखिते गोळा करीत हिंडला. १६९९ मध्ये कार्लोविट्झचा तह झाला. तुर्क आणि सम्राट यांच्यातील नवी सरहद्द प्रत्यक्ष जमिनीवर आखण्याचे काम सम्राटाच्या बाजूने त्याच्याकडे आले. या सर्व काळात डॅन्यूब नदी त्याच्या सोबतीला होती. तिची खोली, तिचे मासे, पक्षी, काठावरचे दगड आणि खाणी, रोमन लोकांचे जुने अवशेष, सर्वांच्या नोंदी तो करीत राहिला. त्यांतून पुढे १७२६ मध्ये सहा खंडांचा ग्रंथ निघाला. मला मात्र यात एक वेगळाच धागा दिसतो. ज्या नद्यांमुळे काळ्या समुद्राचे पाणी हलके होते, त्यांतील सर्वांत मोठी नदी ही डॅन्यूबच. बॉस्पोरसमध्ये ज्या पाण्याचे वजन केले, त्याच पाण्याच्या उगमाकडे तो जणू वीस वर्षे हिंडत राहिला. हे त्याच्या मनात होते की नाही कोण जाणे, पण माझ्या मनात आले खरे.

आणि मग १७०३ साल उजाडले. ऱ्हाईन नदीवरील ब्रायझाख या किल्ल्यावर मार्सिली दुय्यम अधिकारी होता. फ्रेंच सैन्याने वेढा घातला आणि थोड्याच दिवसांत किल्ला शरण गेला. सम्राटाच्या दरबारी संताप उसळला. चौकशी झाली आणि फेब्रुवारी १७०४ मध्ये शिक्षा अमलात आली. मुख्य अधिकारी काउंट आर्को याचा शिरच्छेद झाला. मार्सिलीची सर्व पदे व मान काढून घेण्यात आले आणि सर्वांसमक्ष त्याची तलवार मोडण्यात आली. वीस वर्षांची चाकरी एका सकाळी संपली. किल्ल्यात माणसे आणि दारूगोळा अपुरा होता, तो लढविणे अशक्य होते, अशी आपली बाजू त्याने युरोपभर छापून मांडली. अनेकांना ती पटलीही. तथापि सम्राटाने शिक्षा मागे घेतली नाही. या प्रकरणात दोष नेमका कोणाचा याचा निवाडा मी करणे धाडसाचे होईल. एवढे मात्र म्हणतो की, सेनापती पराभवाचे खापर कोणाच्या तरी डोक्यावर फोडतात, हे आपल्या पानिपतच्या बखरी वाचणाऱ्याला नवीन नाही.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी असा अपमान झालेला माणूस काय करतो? कोणी दारूला लागेल, कोणी मठात जाईल. मार्सिली पुन्हा समुद्राकडे गेला. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयजवळ कासी नावाचे एक छोटे बंदर आहे. तेथे तो कोळ्यांच्या नावा भाड्याने घेऊन समुद्रात जाऊ लागला. पाण्याची खोली मोजली, उष्णतामापक पाण्यात सोडला, वरचे व खालचे पाणी काढून पुन्हा त्याचे वजन केले. पंचवीस वर्षांपूर्वीची तीच युक्ती. किनाऱ्यापासून काही अंतर समुद्राचा तळ हळूहळू उतरत जातो आणि मग एकाएकी कड्यासारखा कोसळतो, हेही त्याने दोर सोडूनसोडून ताडले. आज आपण भूगोलाच्या पुस्तकात समुद्रबूड जमीन म्हणून जे शिकतो, त्याची ही सुरुवातीची नोंद.

येथेच त्याच्या हातून एक मोठी चूकही झाली. पोवळे काढणाऱ्या कोळ्यांबरोबर जाऊन त्याने १७०६ मध्ये पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यातच ठेवून पाहिली. थोड्या वेळाने तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. पाण्याबाहेर काढताच ती मिटली. मार्सिलीला वाटले, पोवळे ही वनस्पती असल्याचा पुरावा सापडला. साऱ्या युरोपने ते मानले. पुढे पेसोनेल या मार्सेयच्याच वैद्याने दाखविले की ती फुले नसून सूक्ष्म प्राणी आहेत. निरीक्षण अचूक, अनुमान चुकीचे. बॉस्पोरसमध्ये त्याने पेटी करून अनुमान पडताळले होते. पोवळ्याच्या बाबतीत मात्र फुले पाहून तो इतका हरखला की पडताळणी राहून गेली, असे मला वाटते.

मार्सेयमधील एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीचा चिटणीस फोंतनेल याने मार्सिलीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या गौरवलेखात ती आहे. मार्सेयच्या बंदरात वल्ह्याला जखडलेले तुर्क कैदी असत. त्यांत मार्सिलीला एक ओळखीचा चेहरा दिसला. रात्री त्याला खुंट्याला बांधणारा तोच हा माणूस! तो तुर्क भीतीने त्याच्या पाया पडला. मार्सिलीने फ्रेंच मंत्र्याकडे शब्द टाकून त्याची सुटका करविली. गौरवलेखातील गोष्टी थोड्या सजवलेल्या असतात हे मान्य. पण ज्याने स्वतः बेड्या घातल्या आहेत, त्याच्याबाबत ही गोष्ट खरी असावी असे वाटत राहते.

अखेरीस तो आपल्या गावी परतला. आयुष्यभर जमविलेले दगड, धातू, शिंपले, पुस्तके, हस्तलिखिते, उपकरणे असे सर्व काही त्याने बोलोन्या शहराला देऊन टाकले आणि त्यावर एक विज्ञानसंस्था उभी करविली. १७११ मध्ये ती स्थापन झाली व १७१४ मध्ये तिचे दरवाजे उघडले. विद्यापीठात पोथीवरून शिकवितात, येथे वस्तूवरून शिकवावे, ही त्याची कल्पना. स्वतः पदवी न घेतलेल्या माणसाने शाळा काढली तीही अशी! फ्रेंच अकादमीने व लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १७२५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्याचा समुद्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोएरहाव या विख्यात डच वैद्याने त्याला प्रस्तावना लिहिली. १ नोव्हेंबर १७३० रोजी बोलोन्यात मार्सिलीचे निधन झाले.

बॉस्पोरसच्या तळप्रवाहाची गोष्ट मात्र त्याच्याबरोबर संपली नाही. एकोणिसाव्या शतकात असा तळप्रवाह असूच शकत नाही असे म्हणणारे लोक पुन्हा निघाले. म्हणून १८७२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या व्हार्टन या अधिकाऱ्याने, आणि १८८१–८२ मध्ये रशियन आरमाराच्या मकारोवने, तेथे नव्याने मोजमापे घेतली. दोघांनाही तळप्रवाह सापडला. कोळी, मार्सिली, व्हार्टन आणि मकारोव, एकच गोष्ट किती वेळा सिद्ध करावी लागते!

आज आपल्याला आकडे ठाऊक आहेत. काळ्या समुद्राच्या वरच्या एक किलो पाण्यात सुमारे १८ ग्रॅम क्षार असतात, भूमध्य समुद्राच्या पाण्यात सुमारे ३८ ते ३९. दुपटीहून अधिक. हे जड पाणी बॉस्पोरसच्या तळाने काळ्या समुद्रात शिरते आणि वाटेत मिसळत खाली उतरते. वर हलके, खाली जड अशी ही रचना एवढी घट्ट आहे की, हिवाळ्यातील वादळेही ती ढवळू शकत नाहीत. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. सुमारे दीडशे-दोनशे मीटरखाली काळ्या समुद्रात प्राणवायू जवळजवळ नाहीच, तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू भरलेला आहे. मासे तेथे जगत नाहीत, पण लाकूड पोखरणारे किडेही जगत नाहीत. म्हणूनच सुमारे २४०० वर्षांपूर्वीचे एक ग्रीक जहाज दोन किलोमीटर खोलीवर जवळपास अखंड सापडले. २०१८ मध्ये ही बातमी जाहीर झाली. त्या जहाजाला इतकी शतके सांभाळले ते मार्सिलीच्या दोन पाण्यांनी.

शास्त्रज्ञ आज अशा वेगवेगळ्या पाण्यांना जलराशी म्हणतात. पाणी पृष्ठभागावर असते तेव्हा ऊन, वारा, पाऊस यांनी त्याचे तापमान व खारेपण ठरते. एकदा ते खाली बुडाले की हे दोन्ही गुण मिसळण्यावाचून बदलत नाहीत. म्हणून तापमान आणि क्षारता एकत्र मांडली की पाण्याचे मूळ गाव ओळखता येते. तापमान एका अक्षावर आणि क्षारता दुसऱ्या अक्षावर घेऊन आलेख काढण्याची ही रीत हेलांड-हान्सेन या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये रूढ केली. मार्सिलीजवळ बॉस्पोरसमध्ये केवळ वजन होते. तेवढ्यावर त्याने दोन जलराशी वेगळ्या केल्या.

आपण समजतो तेवढी ही गोष्ट दूरची नाही. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात हेही असेच जमिनीने वेढलेले समुद्र. फरक इतकाच की तेथे मोठ्या नद्या थोड्या आणि ऊन प्रखर, म्हणून तेथले पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा खारे व जड होते. ते बाब-अल-मांदेब आणि होर्मुझच्या सामुद्रधुनींतून तळाने बाहेर पडते आणि आपल्या अरबी समुद्रात पसरते. आखाताचे पाणी साधारण दोनशे ते चारशे मीटर खोलीवर, तांबड्या समुद्राचे त्याच्याही खाली. १९६६ मध्ये स्थापन झालेली आणि गोव्यात दोना पावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था याच अरबी समुद्राचा अभ्यास करीत आली आहे. आमच्या बंदरावरून दिसणाऱ्या समुद्राच्या पोटात, लांब आत, होर्मुझहून आलेले पाणी आपले खारेपण जपत पडून आहे, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा वडील अंगणात जाळे विणीत होते. मी त्यांना मार्सिलीची गोष्ट सांगितली. गुलामगिरीची सांगितली, मोडलेल्या तलवारीची सांगितली. त्यांनी हात न थांबविता ऐकली. पांढऱ्या बुचांच्या दोराशी आलो तेव्हा मात्र त्यांनी सुई खाली ठेवली आणि विचारले, त्या सामुद्रधुनीत पाणी किती वाव आहे? सर्वांत खोल जागी एकशेदहा मीटर, म्हणजे सुमारे साठ वाव, असे मी हिशेब करून सांगितले. एवढ्या पाण्यात आणि अशा उलटसुलट ओढीत डोल टिकायचा नाही, तिथले कोळी दुसरे कसले तरी जाळे लावत असणार, असे ते म्हणाले, आणि ते कसले ते पुस्तकात पाहून यायला मला सांगितले. ते मला अजून सापडलेले नाही.